भाड्याचा पाऊस, फुकटचा पाऊस

आमच्या वाशीम जिल्ह्यात फोटोसाठी पाऊस भाड्याने मिळतो. शेतातला तुषार संच, विहिरीवरची मोटर, नोझल धरायला दोन पोरं आणि एक पारदर्शक छत्री. पारदर्शक अशासाठी की काळ्या छत्रीखाली नवरीच्या तोंडावर सावली पडते. हरभऱ्याला पाणी द्यायला आणलेलं नोझल अर्धा-पाऊण तास नवरा-नवरीच्या डोक्यावर फिरतं, मागून एक दिवा मारला की थेंब चमकतात, नवरदेव संथ गतीत केस झटकतो, आणि पॅकेजच्या कागदावर 'रेन थीम' अशी एक ओळ वाढते. महिना मार्च, नाहीतर एप्रिल. त्याच आठवड्यात जिल्ह्यातल्या कुठल्यातरी गावासाठी खाजगी विहीर अधिग्रहित करण्याची फाइल तहसिलात सरकत असते. ती फोटोत येत नाही.

पुढे महिन्याभरात लग्न लागतं आणि त्याच दोघांच्या डोक्यावर खरा पाऊस येतो. मोटर न लावता, बिल न फाडता. थेंब त्याहून टपोरे, उजेड त्याहून सरस. आणि अल्बमचे फोटो निवडायला घरची मंडळी माझ्या फोटोच्या दुकानात बसली की पहिलं वाक्य हेच: "भाऊ, हे पाणी काढून टाकता येईन ना?"

येतं की. फोटोतलं सगळं काढता येतं. पाणी काढता येतं, चिखल काढता येतो, रुसलेला जावई काढता येतो. मी पाणी काढत नाही. का काढत नाही ते एकदा छापूनच टाकतो, म्हणजे दर सराईत प्रत्येक गिऱ्हाइकापुढे घसा कोरडा करायला नको.

लग्नात पाऊस आला याचं आश्चर्य वाटण्याचे दिवस कधीच संपले, तरी आश्चर्य दरवर्षी नव्याने वाटून घेण्याची आपली चिकाटी मोठी आहे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ-मराठवाड्यावर गारांचा खच पडला होता. २०२३ मध्ये तर कमालच झाली. कार्तिकी एकादशी झाली, घरोघर तुळशीची लग्नं लागू लागली, म्हणजे माणसांच्या लग्नांना देवांनी परवानगी दिली, आणि त्याच दिवसांत, नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, विदर्भासह राज्यभर अवकाळी कोसळला. कपाशीची बोंडं भिजली, तुरीचा फुलोरा झडला. २०२५ च्या मे महिन्यात उन्हाळा असा राहिलाच नाही. २४ मेला मान्सून केरळात, २६ मेला मुंबईत; इतक्या लवकर तो मुंबईत आल्याची नोंद हवामान खात्याकडे नव्हती. त्याआधीच महाराष्ट्रभर पावसाने मे धुऊन काढला होता. तरीही वैशाखातल्या लग्नाची बोलणी करताना लॉनचा मालक सांगतो, "या टाइमाले पाणी येतच नाही बाप्पा आपल्याकडे." मुलीचा बाप मान डोलावतो. हाच बाप सोयाबीन काढायच्या आधी मोबाइलवर तीन-तीन अंदाज पाहतो. हवामानाचा अंदाज सांगणाऱ्या पंजाबराव डखांचा व्हिडिओ गटात आला की सुडी झाकायला रातोरात ताडपत्री घेऊन धावतो. नागपूरचं प्रादेशिक हवामान केंद्र जिल्हावार अंदाज देतं, पिवळा-केशरी रंग लावून देतं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' हे ॲप वीज पडण्याची सूचना देतं. सोयाबीनसाठी हे सगळं बघायचं, आणि लेकीच्या लग्नाच्या दिवशी आकाशाकडे पाहणं अपशकुन ठरतं.

बरं, हा पाऊस येतो कधी? वऱ्हाडात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, काळी जमीन दिवसभर भाजते, तापलेली हवा वर चढत राहते, आणि समुद्राकडून थोडी ओल आलेली असली की दुपारनंतर ढगांचे मनोरे उभे राहतात. वादळवारं, विजा, गारा यांची घाईची वेळ दुपारी तीन-चारपासून रात्री आठपर्यंत. आता आपल्या पत्रिका उघडून बघा. सायंकाळी सहा वाजून अमुक मिनिटांनी, गोरज मुहूर्तावर. सकाळचे, दुपारचे मुहूर्त पंचांगात असतात, पण उन्हात एलईडी भिंत दिसत नाही आणि ड्रोनवाल्याला मावळतीचा सोनेरी उजेड हवा असतो. म्हणजे दिवसातले जे चार तास वादळाने राखून ठेवलेले आहेत, नेमक्या त्याच तासांत आपण उघड्या लॉनवर हजार माणसं बसवतो. मुहूर्त काढणारे गुरुजी ग्रह पाहतात. ढग पाहणं हे कुणाचंच काम नाही.

जुन्या लोकांना हे कळत होतं असं म्हटलं की मला लगेच कुणीतरी सनातनी ठरवील, तर ठरवो. आषाढी ते कार्तिकी लग्नं नाहीत, या नियमामागे देव झोपले आहेत ही गोष्ट जेवढी होती, तेवढंच साधं व्यवहारज्ञानही होतं. खरिपाची कामं, पाण्याने अडलेले नाले, चिखलाच्या वाटा आणि रिकामा खिसा. बाकीच्या महिन्यांत अंगणात मांडव पडायचा, त्यावर जांभळाचे नाहीतर आंब्याचे डहाळे. पाऊस आलाच तर वऱ्हाड उठून मारुतीच्या सभामंडपात नाहीतर शाळेच्या वर्गात जायचं आणि फळ्यासमोर अंतरपाट धरला जायचा. मला तो काळ परत नको आहे. त्या काळात नवरीला विचारत कोण होतं! पण छप्पर कुठे आहे हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक असायचं. आजच्या लॉनवर कमान आहे, कारंजं आहे, नवरीच्या एन्ट्रीला धूर सोडणारं यंत्र आहे, दोन बाजूंना थंड फटाके आहेत, फोटो काढायला पंखांचं चित्र रंगवलेली भिंत आहे. हजार माणसांना पाण्यातून बाजूला घेईल असं एक छत नाही. जे फोटोत दिसत नाही त्यावर पैसा घालायचा नाही, असा अलिखित ठराव झालेला आहे. त्यात माझ्या धंद्याचा हात केवढा मोठा आहे ते खाली सांगतोच.

छत म्हणजे चार खांबांवरचा पत्रा, असं मात्र कुणी समजू नये. ९ एप्रिल २०२३ ची संध्याकाळ आमच्या शेजारच्या अकोला जिल्ह्याने पाहिली आहे. पारस इथल्या बाबूजी महाराज मंदिरात लोक वादळापासून बचावासाठी टिनाच्या शेडखाली जमले, शेजारचं जुनं कडुनिंबाचं झाड त्या शेडवर कोसळलं आणि सात माणसं गेली. ते लग्न नव्हतं, मंदिर होतं. पण लॉनच्या कडेला जेवणासाठी जो पत्र्याचा आडोसा ठोकलेला असतो त्याखाली वादळात वऱ्हाड घुसतं तेव्हा मला पारस आठवतं, आणि मी पोरांना दिवे उतरवायला सांगतो. तेवढ्यात मागून मुलाचे काका ओरडतात, "लाइट काहून बंद केला? पैसे दिले ना पूर्ण!" पाण्यात उभ्या असलेल्या लोखंडी स्टँडवर हजार वॅटचा दिवा, गवतावरून गेलेली सेलोटेप मारलेली वायर, आणि भिजलेल्या साडीत तिच्यावरून जाणाऱ्या बाया. बिछायतवाल्याचा जनरेटर चालू आहे, त्याचं अर्थिंग कुठे आहे ते त्याच्या पोराला विचारा, तो तुमच्या तोंडाकडे पाहील. गडगडाट ऐकू आला की मोकळ्या मैदानातून आत जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही, हा जगभरचा नियम. आमच्याकडे गडगडाट झाला की डीजेवाला आवाज वाढवतो.

आता दोष कुणाचा ते बघू. पाऊस आला की दहा मिनिटांच्या आत निकाल लागतो. पहिली आरोपी नवरी. "कढई खरडून खाल्ली असन पोरीनं." लहानपणी कढईत जेवलं की लग्नात पाऊस येतो, हे शास्त्र घराघरात पाठ आहे आणि त्यात कढई नेहमी मुलीचीच असते, नवरदेव जन्मभर चांदीच्या ताटात जेवलेला असतो. दुसरा आरोपी मी. "कॅमेरामन, नवरदेवाची एन्ट्री कुठं आहे? ड्रोनचा शॉट कुठं आहे?" साहेब, ड्रोन पावसात उडत नाही. त्याच्या मोटरी उघड्या असतात, आणि चाळीस-पन्नासच्या वाऱ्यात तो उडवला तर तो शॉट नव्हे, आजोबांच्या फेट्यावर अपघात आणेल. हे मी सांगतो तेव्हा मी कामचुकार ठरतो. लॉनचा मालक, छताशिवाय लॉन घेणारा बाप, संध्याकाळचाच मुहूर्त पाहिजे म्हणणारा मुलाकडचा मामा हे तिघं साक्षीदार म्हणूनसुद्धा उभे राहत नाहीत. आणि हा सगळा खटला कुठे चालतो? ज्या मुलखात पाऊस लांबला की पोरं धोंडी काढून बेडूक मिरवतात, बेडकाचं लग्न लावतात, त्या मुलखात! बेडकाच्या लग्नात पाऊस आला तर तो आशीर्वाद. पोरीच्या लग्नात आला तर कढई.

माझी खरी तक्रार पुढे आहे. फोटोतला पाऊस पुसला की पाण्याबरोबर काय काय जातं, याचा हिशेब कुणी करत नाही.

रिसोड तालुक्याकडच्या एका लग्नातली गोष्ट घ्या. मार्च-एप्रिल म्हणजे तिकडे हळद काढण्या-शिजवण्याचे दिवस. शिजवलेली हळद वाळत घातलेली असते, उघड्यावर, खळ्यात. मंगलाष्टकं सुरू झाली आणि पश्चिमेकडून काळं दाटून आलं. मांडवात बसलेल्या निम्म्या बाप्यांचं चित्त त्या क्षणी उडालं. एका हाताच्या मुठीत अक्षता, दुसऱ्या हाताने कानाला मोबाइल: "अबे, हळद झाक! ताडपत्री कोठ्यात हाय, कोठ्यात!" मागच्या रांगेतले चौघं-पाचजण मोटरसायकली काढून निघालेसुद्धा. कोणी हसलं नाही, कोणी रागावलं नाही, मुलीच्या बापानेच एकाला हाताने खुणावलं, जा. मंडपात नवरीच्या अंगाला लागलेली हळद आणि गावात भिजणारी हळद, दोन्हीकडे एकाच घराचा जीव टांगलेला. मी ते फोटो काढले. अक्षता आणि मोबाइल एकाच चौकटीत. त्या लग्नातला सर्वांत खरा फोटो तो आहे. तो अल्बममधून गेला. "त्यात काका भलतीकडेच पाहून रायले." काका भलतीकडे पाहत नव्हते. लग्नाचा पैसा जिथून आला तिकडे पाहत होते.

वाशीम हा आत्महत्याग्रस्त म्हणून २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये घेतलेल्या विदर्भातल्या सहा जिल्ह्यांपैकी एक. इथलं लग्न सोयाबीन-तुरीच्या पट्टीवर ठरतं, संत्र्याच्या बहारावर ठरतं. पाऊस कधी आला, कधी नाही आला, यावर मुलीचं वर्ष पुढे ढकललं जातं. अशा घरच्या लग्नाच्या अल्बममध्ये पावसाला मनाई! तुमच्या घरातला सर्वांत जुना, सर्वांत लहरी, सगळ्यांत मोठा सोयरा लग्नाला आला आणि तुम्ही मला म्हणता, त्याला कापा.

आणि कापून मिळतं काय तेही पाहा. माझ्या व्यवसायबंधूंची कारागिरी मी जवळून पाहिली आहे. ॲडोबीने २०२० मध्ये फोटोशॉपमध्ये आकाश बदलायची सोय दिली, तेव्हापासून वऱ्हाडातल्या अल्बमांवर कुठल्या तरी परदेशी बेटावरचं आकाश पसरलं आहे. निळंशार, कापसाचे चार ढग, मावळतीला गुलाबी. त्याखाली आजोबा उभे आहेत, धोतर पोटऱ्यांपर्यंत चिखलाने माखलेलं. आत्याबाईंच्या केसांतून पाणी निथळतंय. नवरदेवाची शेरवानी एका खांद्यावर गडद, एका खांद्यावर फिकट. जमिनीवरच्या डबक्यात मात्र खरं आकाश दिसतंय, काळंकुट्ट, कारण डबकं बदलायचं ऑपरेटरच्या लक्षात आलं नाही. असा अल्बम जाड पुठ्ठ्यात, मखमली पेटीत घालून देतात, आणि घरचे लोक तो पाहुण्यांसमोर उघडून म्हणतात, वातावरण छान होतं त्या दिवशी. ज्या पाहुण्याने स्वतः पत्रावळ डोक्यावर धरून धाव घेतली होती तोही म्हणतो, हो, छान होतं.

कुणी म्हणेल, पूर्वीच्या स्टुडिओत ताजमहालाचा पडदा नव्हता का? कागदी चंद्रकोरीवर बसून नवरा-बायको फोटो काढायचे, तेव्हा कुठे गेला होता खरेपणा? होता, पडदा होता, आणि मला तो आवडतो. पण कारंज्याचा शेतकरी आग्र्याला जाऊन आला असं त्या फोटोवरून कुणालाच वाटत नसे. पडदा पडदाच होता, खालची सुरकुतीसुद्धा दिसायची. तो खेळ सगळ्यांना मान्य होता. आकाश बदलणाऱ्याला मात्र खेळ खेळायचा नसतो, त्याला पुरावा बदलायचा असतो. पन्नास वर्षांनी नातवंडं विचारतील, आजी, तुझ्या लग्नाच्या दिवशी काय झालं होतं? आजी सांगेल, गारा पडल्या, मांडव उडाला, आम्ही शाळेत जाऊन लग्न लावलं. नातू अल्बम उघडेल आणि म्हणेल, आजीचं आता विसरणं वाढलं.

बरं, पावसातला फोटो वाईट येतो म्हणून हे करता का? उलट आहे सगळं. वैशाखातलं ऊन डोक्यावर असलं की प्रत्येकाच्या डोळ्यांखाली काळे खड्डे पडतात, नाकाची सावली ओठांवर येते, नवरी डोळे किलकिले करते आणि मेकअपचा थर घामाने फाटतो. ढग आले की तोच उजेड चहूकडून मऊ होऊन येतो. ज्या उजेडासाठी आम्ही छत्र्या लावलेले दिवे भाड्याने आणतो तो वरून फुकट मिळतो, आणि सावळ्या कातडीला तर असा उजेड दुसरा नाही. धूळ खाली बसते, रंग उघडतात. ओल्या फरशीत एलईडीचे रंग दुप्पट होतात. पाऊस दिसायला हवा असेल तर दिवा समोरून मारायचा नसतो. समोरून मारला की लेन्सजवळचे थेंब पांढऱ्या ठिपक्यांसारखे चमकून सगळ्यांच्या तोंडावर देवी आल्यासारखे दिसतात. दिवा माणसांच्या मागे, आडोशाला, बॅटरीवर चालणारा, वायर नसलेला, पार्श्वभूमी काळोखी, मग एकेक थेंब रेघेसारखा उजळतो. शटर अडीचशेच्या आसपास ठेवलं तर थेंब तुटक दिसतात, साठावर आणलं तर सरी दिसतात. कॅमेऱ्याला पिशवी, लेन्सपुरतं भोक, वर रबर. एसी खोलीतून एकदम बाहेर आलात तर काचेवर वाफ धरते, म्हणून कॅमेरा आधीच बाहेर आणून बॅगेत ठेवायचा. पाण्याला टिकणारा म्हणून विकलेला कॅमेराही पाण्याने गेला की कंपनी वॉरंटीत धरत नाही, हे मात्र ध्यानात असू द्यावं. एवढं सगळं शिकायला एक सराई पुरते. पण आमच्यातल्या अर्ध्यांना पाऊस आला की कॅमेरा गाडीत ठेवून वडे खायचे असतात, आणि नंतर निळं आकाश चिकटवायचे वेगळे पैसे लावायचे असतात. कॅमेऱ्यापेक्षा चिकटवण्यात नफा जास्त, म्हणून ही कला बहरली. गिऱ्हाइकाला दोष देऊन मी माझ्या लोकांना सोडत नाही. उघड्या लॉनवर सायंकाळी लग्न करा, तिथे शॉट चांगले येतात, हा सल्ला कुणी दिला? आम्ही दिला. मंगल कार्यालयाचं छत 'डल' दिसतं, हेही आम्हीच सांगितलं. एकबुर्जीच्या धरणावर, सोहोळच्या माळावर, थांबायला मनाई असलेल्या समृद्धी महामार्गाच्या कडेला गाडी लावून पोरापोरींना पळायला आम्हीच लावतो. लग्न हे चित्रीकरणाचं स्थळ आहे आणि पाहुणे हे जमाव म्हणून आणलेले नट आहेत, ही शिकवण आमची. आता नटांवर पाणी पडलं तर दिग्दर्शकाला जाब विचारणारच लोक.

कायद्याचंही एकदा होऊन जाऊ द्या, कारण "पैसे आमचे, फोटो आमचे, तुम्ही कोण नाही म्हणणारे?" हा प्रश्न हमखास येतो. पैसे तुमचे, आणि फोटोही तुमचेच. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे मोबदला देऊन कुणी फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसला, तर फोटोचा पहिला मालक तो पैसे देणारा. मान्य. पण त्याच कायद्याने फोटो काढणाऱ्याला कर्ता म्हटलं आहे, आणि ५७ व्या कलमाने कर्त्याला आपलं नाव सांगण्याचा आणि आपल्या प्रतिष्ठेला बाधा आणणाऱ्या मोडतोडीला हरकत घेण्याचा हक्क मालकी गेल्यावरही ठेवला आहे. तुमच्या डिस्कवर तुम्ही हवं ते आकाश लावा, भाच्याला सांगा, तो मोबाइलवर लावून देईल. कोपऱ्यात माझ्या दुकानाचं नाव ठेवून लावू नका. आणि ग्राहक आयोगात जाण्याची धमकी देणाऱ्यांनी खुशाल जावं. ठरलेलं काम केलं नाही, फोटो हरवले, तारीख चुकवली, तर फोटोवाल्याला तिथे खेचलंच पाहिजे. पाऊस पाऊस म्हणून दिसला, ही सेवेतली त्रुटी आहे असं आयोगापुढे मांडणारा वकील मला एकदा बघायचा आहे.

छताबद्दल आणखी एक सांगायचं राहिलं. २०२५ च्या त्याच ओल्या मे महिन्यात पुण्यात वानवडीला एका हिंदू कुटुंबाचं लग्न लॉनवर लागायचं होतं आणि ऐन वेळी पाऊस आला. शेजारच्या हॉलमध्ये एका मुस्लिम कुटुंबाचा वलीमा चालू होता. त्यांनी आपला कार्यक्रम थांबवून हॉल मोकळा करून दिला, तिथे सप्तपदी झाली, मंडळी एकत्र जेवली, आणि दोन्ही जोडप्यांचा एकत्र फोटो देशभर गेला. त्या वर्षी महाराष्ट्रात लग्नाचे जे कोट्यवधी फोटो निघाले असतील त्यांतला लोकांच्या ध्यानात राहिलेला हा एक, आणि तो पावसाने काढून दिला. त्या कुटुंबाने पाऊस पुसायला सांगितलं असतं तर शेजारी कशाला आले होते हेच कळलं नसतं.

तर आता माझ्या पावतीच्या मागे चार ओळी छापलेल्या आहेत. गडगडाट सुरू झाला की दिवे आणि ड्रोन खाली येतील, विचारणा होणार नाही. पाऊस आल्यास पावसाचे फोटो निघतील आणि तेच मिळतील. आकाश बदलून मिळणार नाही. आणि चौथी ओळ: लॉनवर पक्कं छत आहे का, ते पाहिल्याशिवाय तारीख घेतली जाणार नाही. या चौथ्या ओळीवर लोक सर्वांत जास्त चिडतात. फोटोवाल्याने छताची चौकशी करायची म्हणजे काय!

परवाच एक गृहस्थ मुलीच्या लग्नासाठी येऊन बसले. चहा घेतला, पावती उलटी करून शांतपणे वाचली, पुन्हा वाचली. "लय अटी हायेत बा तुमच्या," म्हणाले, आणि उठून समोरच्या दुकानात गेले. तिथे त्यांना ड्रोन फुकट मिळाला. लग्न उघड्या लॉनवर आहे, वैशाखात, सायंकाळी सहा वाजून सदतीस मिनिटांनी.